माझी पेटी कुठे गेली? लैंगिक अत्याचाराच्या न तपासलेल्या पुराव्याविषयी

ओसरी (धागाकर्ती)

मिशिगन राज्यात डेट्रॉईटजवळच्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी गेली कित्येक वर्षे परिचारिका आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची न्यायवैद्यक तपासणी करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेऊन त्यातली बरीच वर्षे मी तेच काम केले आहे. या विषयावर मराठीत सविस्तर लिहिलेले फारसे वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

इकडे ज्याला किट म्हणतात ती बुटाच्या खोक्याएवढी पुठ्ठ्याची पेटी असते. तिच्यात कापसाचे बोळे लावलेल्या काड्या, कागदी पाकिटे, कंगवा, कपड्यांसाठी कागदाच्या पिशव्या आणि घडी केलेला एक मोठा कागद असतो. तो कागद जमिनीवर अंथरून त्यावर उभे राहून बाईने एकेक कपडा उतरवायचा, म्हणजे अंगावरून पडलेला केस, धागा किंवा मातीचा कण त्याच कागदात गुंडाळून ठेवता येतो. तपासणीला चार ते सहा तास लागतात. प्रत्येक काडी वाळवल्याशिवाय पाकिटात घालायची नाही, कारण ओलाव्याने बुरशी धरते, आणि पाकिटाचा गोंद जिभेने ओला करायचा नाही, कारण त्या लाळेत आपलाच डीएनए जातो. मी पाण्यात बुडवलेला बोळा गोंदावरून फिरवते, पाकीट बंद करते, त्यावर सही, तारीख आणि वेळ घालते. जिच्यावर नुकताच अत्याचार झाला आहे ती बाई या सगळ्या वेळात अंघोळ न करता, तोंडही न धुता, थंड खोलीत पातळ गाऊनमध्ये बसलेली असते.

सुरुवातीच्या काळातली एक रात्र मला विसरता येत नाही. मी पेटीवर शेवटची पट्टी चिकटवली तेव्हा समोरच्या विशीतल्या मुलीने विचारले, "ही आता कुठे जाणार? आणि मला कधी कळेल?" पोलीस घेऊन जातील आणि प्रयोगशाळेत पाठवतील, असे मी तिला सांगितले, कारण माझी तशीच समजूत होती.

त्या काळात डेट्रॉईटमध्ये नेमके काय चालले होते ते मला नंतर कळले. २००९ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉईट ज्या वेन काउंटीत येते तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातला एक सहायक वकील शहर पोलिसांच्या मुद्देमालाच्या गोदामात गेला होता. तिथे फळ्यांवर रचून ठेवलेल्या पेट्या त्याला दिसल्या आणि त्या किट आहेत हे त्याच्या लक्षात आले. मोजदाद झाली तेव्हा आकडा ११,३४१ निघाला. काही पेट्या १९८० च्या दशकातल्या होत्या. मुख्य सरकारी वकील किम वर्थी यांनी हे प्रकरण झाकून न ठेवता जाहीर केले आणि पुढची कितीतरी वर्षे पैसा उभा करण्यात घालवली, कारण एका किटच्या तपासणीला साधारण एक हजार ते दीड हजार डॉलर लागत आणि शहर दिवाळखोरीच्या वाटेवर होते. २०१३ मध्ये डेट्रॉईटने खरोखरच दिवाळखोरी जाहीर केली. पुढे खासगी प्रयोगशाळांशी बोलणी होऊन हा खर्च ४९० डॉलरपर्यंत उतरला, तेव्हा शहरातल्या आफ्रिकन-अमेरिकन महिलांनी पुढाकार घेऊन "एका किटचे ४९० डॉलर" अशी वर्गणी गोळा केली. डेट्रॉईटच्या त्या पेट्यांमागच्या बहुतांश स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या, हे इथे सांगायलाच हवे.

न्याय खात्याच्या निधीतून मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या रेबेका कॅम्बेल यांच्या गटाने या साठ्याचा अभ्यास केला. पहिल्या टप्प्यात १,५९५ किट तपासली गेली. त्यांपैकी ७८५ किटमधून राष्ट्रीय डीएनए साठ्यात नोंदवता येतील असे नमुने मिळाले, ४५५ नमुने साठ्यातल्या नोंदींशी जुळले आणि १२७ जुळण्या एकाहून अधिक अत्याचार करणाऱ्या पुरुषांकडे बोट दाखवणाऱ्या होत्या. पुढे सगळा साठा तपासून झाला तेव्हा अशा सराईतांची संख्या आठशेच्या वर गेली. गोदामात पेटी पडून होती त्या काळात त्यांतले काही जण दुसऱ्या स्त्रीच्या दारात उभे होते. मी ज्या मुलीला तसे सांगितले होते तिची पेटी त्या गोदामात होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

माझा प्रश्न असा आहे, की पुरावा गोळा करून तो न तपासणे इतकी वर्षे इतक्या जणांच्या डोळ्यांसमोर कसे चालू राहिले, आणि आपल्याकडे याबाबत काय स्थिती आहे? जाणकारांनी लिहावे.

रानवारा

ओसरीताई, धागा वाचून सुन्न झालो. मी टेनेसीत मेम्फिस शहरात राहतो. आमच्याकडेही २०१३ मध्ये सुमारे बारा हजार न तपासलेली किट असल्याचे उघड झाले होते, त्यामुळे हा विषय इथे घरोघरी माहीत आहे.

तरी एक शंका विचारतो, गैरसमज नसावा. अनेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो आणि संबंध आला हे तो नाकारत नाही, फक्त संमती होती असे म्हणतो. तिथे डीएनए तपासून नवे काय कळणार? पैसा आणि प्रयोगशाळेचा वेळ मर्यादित असेल तर अनोळखी हल्लेखोरांच्या प्रकरणांना आधी हात घालणे योग्य नाही का?

ओसरी

रानवारा, शंका प्रामाणिक आहे आणि तपास अधिकारीही नेमका हाच मुद्दा मांडत असत, म्हणून जरा लांबण लावते.

क्लीव्हलंडच्या जुन्या किटांवर केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या संशोधकांनी काम केले तेव्हा लक्षात आले की सराईत गुन्हेगारांचे प्रमाण पूर्वी मानले जाई त्यापेक्षा बरेच जास्त आहे, आणि तोच माणूस कधी ओळखीच्या बाईवर तर कधी अगदी परक्या बाईवर हात टाकतो. म्हणजे "ओळखीचा आहे" म्हणून जे किट बाजूला ठेवले, त्याच किटमध्ये दुसऱ्या प्रकरणातल्या अनोळखी माणसाचे नाव दडलेले असू शकते. शिवाय एका बाईचे म्हणणे "तिचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द" असे सोडून देता येते, पण एकमेकींना कधीही न भेटलेल्या तीन बायकांच्या किटमधून तोच पुरुष निघाला, तर संमतीच्या बचावाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते.

निर्दोष माणसासाठीही हा पुरावा तितकाच मोलाचा आहे. व्हर्जिनियात १९८२ साली मार्विन अँडरसन या अठरा वर्षांच्या तरुणाला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले गेले. तो पंधरा वर्षे तुरुंगात होता. पुरावा नष्ट झाला असे सगळे धरून चालले होते, पण त्या काळच्या प्रयोगशाळेतल्या मेरी जेन बर्टन या विश्लेषिकेने बोळ्याचे तुकडे आपल्या कागदांना चिकटपट्टीने लावून ठेवले होते. २००१ मध्ये ते सापडले, डीएनए तपासला गेला आणि अँडरसन निर्दोष ठरला.

आता किट का पाठवले जात नव्हते याविषयी. पैसा नव्हता, हे खरे आहे. २००८ मध्ये डेट्रॉईट पोलिसांची प्रयोगशाळा बंदुकांच्या तपासणीतल्या चुका उघड झाल्यामुळे बंदच करावी लागली, हेही खरे आहे. पण कॅम्बेल यांच्या अहवालात जुन्या पोलीस नोंदींचा जो भाग आहे तो वाचला की मूळ कारण समजते. तक्रार करणारी बाई खरे बोलत नसावी, ती धंदा करणारी असावी, तिचे आपल्या मित्राशी भांडण झाले असावे, अशा शेऱ्यांवर प्रकरणे मिटवलेली आहेत. किट तपासायचे की नाही हे ठरवण्याचा लेखी नियमच नव्हता, त्यामुळे तो निर्णय एकट्या तपास अधिकाऱ्याच्या मनावर राहिला, आणि ज्या बाईवर त्याचा विश्वास बसला नाही तिची पेटी फळीवर गेली. पुरावा तपासल्यावर तक्रार खरी की खोटी ते ठरवायचे असते, इथे ते आधीच ठरवून पुरावा तपासला जात नव्हता.

कौलारू

मी महाराष्ट्रातल्या एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून सहायक रासायनिक विश्लेषक म्हणून निवृत्त झालो. कोणती प्रयोगशाळा ते सांगत नाही, पण जे लिहितो ते टेबलापलीकडून पाहिलेले आहे.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप थोडे निराळे आहे. इथे मुद्देमाल सहसा "सी.ए.ला", म्हणजे आमच्यासारख्या प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाकडे, पाठवला जातो, कारण दोषारोपपत्राला सी.ए.चा अहवाल जोडावा लागतो आणि तो नसेल तर न्यायाधीश विचारतात. पण तो कोणत्या अवस्थेत येतो आणि अहवाल कधी जातो, हे दोन्ही प्रश्न गंभीर आहेत. ओसरीताईंनी बुरशीचा उल्लेख केला, तो वाचताना मला आमची नमुने स्वीकारण्याची खिडकी आठवली. पावसाळ्यात हवालदार एसटीने पाच-सहा तासांचा प्रवास करून यायचा, हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात ओलेच बांधलेले कपडे. पिशवी उघडली की आधी वास यायचा. कपड्यावर काळे-हिरवे ठिपके धरलेले असायचे आणि डाग कुठला, बुरशी कुठली हे वेगळे करणे अशक्य व्हायचे. काही वेळा लाखेच्या सिलावरचा ठसा सोबतच्या पत्रावरील नमुन्याशी जुळायचा नाही आणि माल परत पाठवावा लागायचा. काही वेळा बाईचे नमुने यायचे, पण तुलनेसाठी लागणारे संशयिताचे रक्त आलेलेच नसायचे. त्याबद्दल पत्र जायचे आणि उत्तर यायला कित्येक महिने लागायचे. तोवर ते प्रकरण आमच्या नोंदवहीत प्रलंबितच दिसायचे.

मी त्या हवालदाराला दोष देत नाही, कारण ओले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात हे त्याला कुणी शिकवलेलेच नव्हते. निर्भया निधीतून केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोने राज्यांना १४,९५० किट वाटली आणि प्रशिक्षणही दिले, ते याच उणिवेवरचा उपाय म्हणून. किट आल्याने पाकिटे, लेबले आणि क्रम यांत शिस्त आली हे मी मान्य करतो. वापरून संपलेली किट पुन्हा भरली जातात का, याची चौकशी मात्र प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवी.

एक तांत्रिक बाबही सांगतो. अमेरिकेत जुनी किट तपासून अनोळखी गुन्हेगार सापडले, कारण तिथे एफबीआयचा राष्ट्रीय डीएनए साठा १९९८ पासून चालू आहे. आपल्याकडे तसा साठा नाही. त्यासाठीचे डीएनए तंत्रज्ञान विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. त्यामुळे आपल्या प्रयोगशाळेत संशयिताचा नमुना समोर असला तरच जुळवाजुळव होते. संशयित नसेल तर अहवालात "पुरुषाचा डीएनए आढळला" एवढेच लिहिता येते आणि ते पान फाइलला लागते.

पायवाट

कौलारू सर, तुमचा प्रतिसाद छापून माझ्या फायलीला लावून ठेवते आहे. मी नागपुरात फौजदारी वकिली करते आणि अत्याचारित मुलींच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करण्याचे काम बरेच करते.

विदर्भाला या विषयाची एक दुखरी आठवण आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने विरोध केला नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. डेट्रॉईटच्या नोंदींतले शेरे वाचताना मला तोच निकाल आठवला, कारण दोन्हीकडे बाईच्या शरीरावरचा किंवा चारित्र्यावरचा एखादा तपशील धरून तिचे म्हणणे आधीच निकालात काढलेले आहे.

वैद्यकीय पुराव्याच्या बाबतीत विदर्भाने पुढे चांगले कामही केले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये बलात्कारपीडितांची तपासणी किती दयनीय रीतीने होते यावर अहवाल तयार केला. त्यातून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका उभी राहिली आणि राज्याला तपासणीचे नमुने व पद्धती नव्याने आखाव्या लागल्या. योनीत बोटे घालून बाईचा लैंगिक पूर्वानुभव ठरवू पाहणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. म्हणजे पुरावा कसा घ्यायचा यावर आपल्याकडे बरीच चर्चा झाली आणि न्यायालयेही बोलली. घेतलेल्या पुराव्याचे पुढे काय झाले, हे मात्र अजून कुणी जिल्हावार मोजून दाखवलेले माझ्या पाहण्यात नाही.

कायद्यात धागे आहेत, ते पकडता येतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ प्रमाणे डॉक्टरने वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचा आहे. कलम १९३ प्रमाणे बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवा आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायला हवी. माझ्या अनुभवात "प्रगती कळवली" याचा अर्थ "तपास चालू आहे" असा एका ओळीचा निरोप, इतकाच होतो. नमुने कोणत्या तारखेला गेले, प्रयोगशाळेचा नोंदणी क्रमांक काय आणि अहवाल आला का, या तीन गोष्टी त्या निरोपात असाव्यात अशी मागणी मी आता लेखी करते.

समई

मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात समुपदेशक आहे. इथे २००८ पासून "सेहत" संस्थेने पालिकेच्या काही रुग्णालयांबरोबर काम करून संमती, उपचार आणि पुरावा या तिन्ही गोष्टी एका प्रक्रियेत आणल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही उपचार आधी आणि पुरावा नंतर, असाच क्रम आहे. वरच्या चर्चेत पुराव्याबद्दल भरभरून लिहिले गेले, म्हणून मी बाईच्या बाजूने एक-दोन गोष्टी मांडते.

पहिली म्हणजे, किटमध्ये काही सापडले नाही तर अत्याचार झालाच नाही, असे घरच्यांना वाटते. तीन दिवस उलटले असतील, तिने अंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, तर काहीच न सापडणे हे अपेक्षितच असते. "रिपोर्ट निगेटिव्ह आला" हे शब्द घरात पोहोचल्यावर सासरी वागणूक बदललेली मी पाहिली आहे. अहवाल कळवणाऱ्या माणसाने एवढे एक वाक्य सोबत सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरी शंका ओसरीताईंसाठी आहे. पंधरा-वीस वर्षांनी पोलीस अचानक दारात येऊन "तुमचे किट आता तपासले" असे सांगत असतील, तर त्या बाईचे काय होत असेल? तिने नवा संसार मांडलेला असेल, नवऱ्याला काही सांगितले नसेल. तिला विचारले कुणी, की हे पुन्हा उघडायचे आहे का?

ओसरी

समईताई, हा प्रश्न डेट्रॉईटच्या कामात सगळ्यात जास्त चर्चिला गेला. तिथे ठरले ते असे. फोनवर किंवा पत्राने कळवायचे नाही, कारण पत्र दुसऱ्याच्या हाती पडू शकते. प्रशिक्षित तपासनीस साध्या कपड्यांत जाऊन ती एकटी असताना भेटेल, आधी झालेल्या दिरंगाईबद्दल बोलेल, मदतीसाठी समुपदेशकाचा संपर्क देईल आणि पुढे जायचे की नाही हे ठरवायला तिला वेळ देईल. अभ्यासात असे दिसले की बहुतेक जणींची प्रतिक्रिया भीती होती तितकी तीव्र नव्हती आणि निम्म्याहून अधिक जणींनी पुन्हा प्रकरणात सहभागी व्हायचे ठरवले. काही जणींनी दार लावून घेतले, आणि तो त्यांचा अधिकार मानला गेला.

संमतीचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. इथे २००५ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याने पोलिसांत तक्रार न करताही बाईला विनामूल्य तपासणी करून घेता येते. तसे किट आमच्याकडे बंद राहते आणि तिने हो म्हटल्याशिवाय ते प्रयोगशाळेत जात नाही. मिशिगनमध्ये ते किमान एक वर्ष जपावे लागते. अशी किट "न तपासलेली" म्हणून मोजणे चुकीचे आहे, आणि सगळी किट सरसकट तपासा अशी घोषणा देताना हा फरक कार्यकर्तेही कधीकधी विसरतात. २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तर असे उघड झाले की पोलिसांनी एका बाईच्या जुन्या किटमधला तिचा स्वतःचा डीएनए चोरीच्या वेगळ्या गुन्ह्यात तिच्याविरुद्धच वापरला. जिल्हा वकिलांनी ते प्रकरण मागे घेतले आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी अशा वापरावर बंदी घालणारा कायदा केला. ज्या विश्वासाने ती त्या खोलीत कपडे उतरवते त्याचा असा वापर झाला, तर पुढची बाई रुग्णालयात येणारच नाही.

रानवारा

ताई, माझ्या शंकेला तुम्ही नीट उत्तर दिलेत, मी माझे म्हणणे मागे घेतो. पण मेम्फिसची पुढची गोष्टही इथे नोंदवायला हवी.

जुना साठा हळूहळू तपासला गेला, नवे किट ठरावीक मुदतीत पाठवायचे नियमही झाले. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये पहाटे धावायला गेलेल्या एका शिक्षिकेचे अपहरण होऊन खून झाला, आणि आरोपी पकडल्यावर कळले की एका वर्षापूर्वीच्या अत्याचाराच्या प्रकरणातले किटही त्याच्याच डीएनएशी जुळते. ते किट पोलिसांनी सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवले होते. तातडीचे म्हणून न पाठवल्यामुळे ते रांगेत राहिले आणि त्याचा निकाल अपहरणानंतर तीन दिवसांनी आला. म्हणजे गोदामातून पेटी बाहेर काढल्यावर ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये अडकू शकते. त्या घटनेनंतर राज्याने प्रयोगशाळेला माणसे वाढवून दिली. आमच्या शाळेतल्या पालकांच्या बैठकीत त्या आठवड्यात कुणाला नीट बोलताच येत नव्हते.

कौलारू

रानवारा, हे अगदी नेमके सांगितलेत. साठा दोन जागी असतो, ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात आणि प्रयोगशाळेत, आणि दोहोंचे उपाय वेगळे आहेत. ठाण्यातला साठा नियमाने हलतो. प्रयोगशाळेतला साठा हलवायला भरलेली पदे, चालू यंत्रे आणि वेळेवर येणारी रसायने लागतात. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायचे, अशी तरतूद नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती राज्यांनी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. तरतूद उत्तम आहे, पण त्यामुळे आमच्या खिडकीवर येणाऱ्या मालाची संख्या वाढणार. विश्लेषकांची संख्या त्याच प्रमाणात वाढली नाही तर आजची दिरंगाई दुप्पट होईल, आणि मग कायद्यालाच दोष दिला जाईल.

ओसरीताई, मिशिगनमध्ये यावर काय केले? मुदती घातल्या का?

ओसरी

हो सर. २०१४ च्या कायद्याने साखळीतल्या प्रत्येक कडीला तारीख लावली. बाईने संमती दिल्यावर रुग्णालयाने २४ तासांत पोलिसांना कळवायचे, पोलिसांनी १४ दिवसांत किट घेऊन जायचे, पुढच्या १४ दिवसांत ते प्रयोगशाळेला द्यायचे आणि प्रयोगशाळेने साधनसामग्री पुरेशी असल्यास ९० दिवसांत तपासायचे. शेवटच्या अटीतली "साधनसामग्री पुरेशी असल्यास" ही पळवाट आहे, हे मी मान्य करते.

ह्यूस्टनने वेगळी वाट धरली. तिथे ६,६६३ जुनी किट बाहेरच्या प्रयोगशाळांकडून तपासून घेतली, ८५० जुळण्या मिळाल्या आणि शहराची प्रयोगशाळा पोलिसांच्या हाताखालून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिली.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे. आयडाहो राज्याच्या पोलिसांनी २०१७ मध्ये प्रत्येक किटला क्रमांक देऊन ते कुठे आहे हे दाखवणारी संगणकीय नोंद सुरू केली आणि ती प्रणाली इतर राज्यांना विनामूल्य देऊ केली. आता मिशिगनमध्येही तशी व्यवस्था आहे. तपासणी संपल्यावर मी बाईच्या हातात क्रमांक लिहिलेले कार्ड देते. ती घरी बसून पाहू शकते, की किट रुग्णालयातून निघाले का, ठाण्यात पोहोचले का, प्रयोगशाळेत स्वीकारले का, तपासणी झाली का. तिला कुणाला फोन करावा लागत नाही, नाव सांगावे लागत नाही. काही जणी ते कार्ड दारातच फाडून टाकतात, काही जणी रोज पाहतात. सुरुवातीच्या काळातल्या त्या मुलीच्या प्रश्नाला मी आज उत्तर देऊ शकले असते.

जुनी किट तपासून शिक्षा किती जणांना झाली असे कुणी विचारेल, म्हणून तेही सांगते. डेट्रॉईटमध्ये हा आकडा शेकड्यांतच मोजावा लागतो. साक्षीदार वारले, काही बायकाही वारल्या, जुने कागद हरवले, काही गुन्ह्यांत खटला भरण्याची मुदत संपली. मिल्वॉकीच्या सहायक सरकारी वकिलांनी, नॉर्म गाह्न यांनी, १९९९ मध्ये नाव माहीत नसलेल्या आरोपीच्या डीएनए नमुन्यावरच दोषारोप दाखल करून मुदतीची अडचण ओलांडली होती, पण त्यासाठी किट मुदतीच्या आत तपासलेले असावे लागते.

पायवाट

ओसरीताई, कार्डाची कल्पना आपल्याकडे उद्यापासूनही राबवता येईल. प्रयोगशाळेचा नोंदणी क्रमांक आणि तारीख तपास अधिकाऱ्याकडे असतेच, ती बाईला लेखी द्यायला नवा कायदा लागत नाही.

त्याआधी मोजदाद व्हायला हवी, म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार करते आहे. आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला मी असे विचारणार आहे: गेल्या पाच वर्षांत बलात्कार आणि पोक्सोखाली किती गुन्हे नोंदले, किती प्रकरणांत रुग्णालयाकडून नमुने घेतले, ते घेतल्यापासून किती दिवसांत प्रयोगशाळेकडे गेले, किती अजून मुद्देमाल कक्षात आहेत आणि किती अहवाल दोषारोपपत्रानंतर आले. कुणाचेही नाव, पत्ता किंवा गुन्हा क्रमांक मी मागणार नाही, फक्त संख्या आणि तारखा मागेन, म्हणजे पीडितेची ओळख उघड होण्याचे कारण सांगून अर्ज फेटाळता येणार नाही. आणखी काही सुचवायचे असेल तर सांगा.

कौलारू

एक रकाना वाढवा. प्रयोगशाळेने त्रुटीसाठी परत पाठवलेले नमुने किती, त्रुटी कोणती होती आणि ते दुरुस्त होऊन पुन्हा आले का? परत गेलेला माल ठाण्याच्या दप्तरी "पाठवला" असाच राहतो आणि आमच्या दप्तरी तो नसतोच. अशी प्रकरणे कुणाच्याच संख्येत येत नाहीत. हाच प्रश्न प्रयोगशाळेलाही स्वतंत्र अर्जाने विचारा, म्हणजे दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतील.

समई

रुग्णालयांनाही विचारा, पायवाटताई. पोलीस घेऊन गेले नाहीत म्हणून आमच्याच कपाटात राहिलेले नमुने असतात. माझ्या विभागातले मी उद्या मोजते.

पायवाट

दोन्ही रकाने जोडले, अर्ज आता तीन झाले. सोमवारी टाकते. उत्तरे आली की याच धाग्यावर आकडे देईन.